दहाचे वर्तुळ

मैदानी खेळ म्हटला की, आपल्या डोळ्यांपुढे चपळ हालचालींचे चित्र उभे राहते. धावपटू वाऱ्याशी शर्यत लावतो, मल्ल प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटतो, हुतूतूचा गडी मध्यरेषा ओलांडून विजेच्या वेगाने मागे फिरतो. ज्याच्या अंगी वेग व बळ अधिक, त्याच्याकडे विजय जातो, अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक खेळांच्या बाबतीत ती खरीही असते. तथापि, एक खेळ असा आहे की, त्यात खेळाडू जमिनीवर पालथा पडून राहतो, तास-सव्वा तास जागचा हलत नाही, आणि ज्याचे शरीर सर्वांत स्थिर राहील त्याचीच सरशी होते. तो खेळ म्हणजे पालथे पडून केलेली रायफलीची नेमबाजी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार ‘प्रोन’ या नावाने ओळखला जातो.

रायफलीने नेम धरण्याच्या तीन पद्धती आहेत : उभे राहून, गुडघा टेकून आणि पालथे पडून. उभ्या माणसाचे सारे वजन दोन पावलांवर तोललेले असते. त्यामुळे त्याचे अंग किंचित झुलत राहते. गुडघा टेकला की आधार वाढतो व झोक कमी होतो. पालथे पडले की पोट, पाय आणि दोन्ही कोपरे जमिनीला टेकतात व शरीराला सर्वांत भक्कम आधार मिळतो. यावरून कोणाला वाटेल की, तिन्हींत हीच पद्धत सोपी. एका अर्थी ते खरेही आहे. परंतु जी गोष्ट सर्वांनाच साधते, तिच्यात पहिला क्रमांक मिळवणे फार कठीण असते. उभ्याने नेम धरणाऱ्याची एखादी गोळी थोडी हुकली, तर ती उणीव भरून काढण्यास वाव असतो. कारण इतरांच्याही गोळ्या हुकतात. पालथे पडून होणाऱ्या स्पर्धेत मात्र कोणीच फारसे चुकत नाही; म्हणून तेथे एकच चूक महाग पडते.

या स्पर्धेतील लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. लक्ष्यफलकावर एकाच मध्याभोवती दहा वर्तुळे आखलेली असतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १५४.४ मिलिमीटर असून त्यात गोळी लागली तर एक गुण मिळतो. आत जावे तसतसा एकेक गुण वाढत जातो आणि अगदी आतल्या वर्तुळाला दहा गुण असतात. या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा! शाळेच्या पटांगणात ५० मीटर अंतर मोजून समोरच्या भिंतीवर तेवढे एक बटण चिकटवावे आणि अलीकडे उभे राहून पाहावे. ते डोळ्यांना जेमतेम दिसेल, किंवा दिसणारही नाही. नेमबाजालाही ते दिसत नाही. त्याला दिसतो तो फलकाच्या मध्यभागीचा, ११२.४ मिलिमीटर व्यासाचा काळा ठिपका. त्या काळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यावर न दिसणारे बटण असणार, या भरवशावर त्याला साठ गोळ्या झाडावयाच्या असतात. २०१२ पर्यंतच्या नियमांप्रमाणे साठही गोळ्या दहाच्या वर्तुळात बसल्या, तर ६०० गुण होत. त्यापुढे गुणच नव्हते.

हे काम किती नाजूक आहे, हे साध्या त्रैराशिकाने समजते. रायफलीच्या मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, बारीक छिद्राची एक चकती असते आणि नळीच्या पुढच्या टोकाशी एक लहानशी कडी असते. छिद्रातून पाहिले असता कडी दिसावी व कडीच्या बरोबर मधोमध काळा ठिपका दिसावा, अशी योजना असते. वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण या स्पर्धेत रायफलीवर लावता येत नाही. आता चकती व कडी यांमध्ये एक मीटर अंतर आहे असे धरू. नेम धरताना कडी योग्य जागेपासून मिलिमीटरचा एक दशांश भाग बाजूला राहिली, तर ५० मीटरांवर गोळी त्याच्या पन्नासपट, म्हणजे ५ मिलिमीटर बाजूला जाईल. मिलिमीटरचा एक दशांश भाग म्हणजे सुमारे वहीच्या एका पानाची जाडी. एका पानाएवढी चूक झाली, तर दहा गुण कसेबसे हाती राहतात. दोन पानांएवढी झाली, तर ते निसटतात.

एवढी अचूकता केवळ हाताच्या जोराने येत नाही. किंबहुना हाताचा जोर लावला की अचूकता जाते, हेच या खेळाचे पहिले सूत्र आहे. उजव्या हाताचा नेमबाज आपल्या चटईवर लक्ष्यरेषेपासून थोडा डावीकडे तिरपा होऊन पालथा पडतो. डावे कोपर पुढे टेकलेले असते व रायफल डाव्या तळहातावर विसावलेली असते. डाव्या दंडाला बांधलेला एक पट्टा रायफलीच्या पुढच्या भागाला अडकवलेला असतो. रायफलीचे वजन हा पट्टा तोलून धरतो. म्हणून स्नायूंना ताण पडत नाही आणि ते थरथरत नाहीत. उजव्या खांद्याशी रायफलीचा दस्ता टेकलेला असतो व गाल त्यावर अलगद ठेवलेला असतो. डाव्या हाताचा पुढचा भाग जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करील एवढा वर असलाच पाहिजे, असा नियम आहे. तसे नसते, तर हात जमिनीवर सपाट टेकवून कोणीही रायफल धोंड्यासारखी स्थिर केली असती. नेमबाजाच्या अंगात जाड कापडाचा व चामड्याचा एक विशेष अंगरखा असतो. तो किती जाड व किती ताठर असावा हेही ठरलेले असून स्पर्धेत त्याची यंत्राने तपासणी होते. अंगरख्याने आधार द्यावा, पण नेमबाजाचे काम करू नये, असा यामागील हेतू आहे.

अशा रीतीने जागा घेतल्यावर नेमबाज एक मजेदार परीक्षा करतो. तो नेम धरतो, डोळे मिटतो, सावकाश श्वास सोडतो आणि पुन्हा डोळे उघडतो. ठिपका कडीच्या मधोमध असेल, तर बसण्याची रीत बरोबर. तो डावीउजवीकडे सरकलेला दिसला, तर नवशिका हाताने रायफल ढकलून ती नेमावर आणतो. जाणता नेमबाज तसे करीत नाही. तो डावे कोपर जागेवर ठेवून आपले सारे शरीर तसूभर फिरवतो आणि पुन्हा डोळे मिटून पाहतो. ढकलून आणलेली रायफल गोळी सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागेकडे वळते. शरीरच लक्ष्याकडे वळलेले असेल, तर तिला दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही.

तथापि, शरीर कितीही स्थिर ठेवले, तरी दोन गोष्टी चालूच राहतात : श्वास आणि हृदयाचे ठोके. श्वास घेतला की छाती फुगते व नळीचे टोक खाली जाते. सोडला की ते वर येते. म्हणून नेमबाज श्वास सोडल्यानंतरच्या स्वाभाविक विरामात, काही सेकंदांच्या आतच, गोळी झाडतो. विराम लांबला तर डोळ्यांपुढील चित्र अंधुक होऊ लागते. अशा वेळी शहाणा नेमबाज चाप सोडून देतो, पुन्हा श्वास घेतो आणि पहिल्यापासून आरंभ करतो. हृदयाला तर क्षणभरही थांब म्हणता येत नाही. पट्टा दंडावर जरा घट्ट झाला की नाडीचा प्रत्येक ठोका रायफलीत उमटतो आणि पुढची कडी त्या तालावर उडू लागते. पट्ट्याची योग्य जागा शोधणे, मन शांत ठेवणे आणि ठोक्यांची गती वाढू न देणे एवढाच त्यावर उपाय आहे.

महाभारतातील अर्जुनाला झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळा दिसत होता, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. रायफलीच्या नेमबाजाची गोष्ट थोडी निराळी आहे. माणसाच्या डोळ्याला जवळची कडी व दूरचा ठिपका ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. म्हणून नेमबाज आपली दृष्टी पुढच्या कडीवर स्थिर करतो आणि लक्ष्य किंचित अस्पष्ट राहू देतो. जे आपल्या हाती आहे ते नीट सांभाळावे, म्हणजे दूरचे आपोआप सांभाळले जाते, असा त्याचा अनुभव असतो. मग तो बोटाच्या पेराने चाप इतका हळूहळू दाबतो की, गोळी सुटल्याचे रायफलीला जणू कळूच नये. गोळी सुटल्यावरही तो लगेच मान वर करीत नाही. क्षणभर तसाच निश्चल राहतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत जो काळ जातो, तो अत्यंत अल्प असला तरी तेवढ्यात केलेली हालचाल नेम बिघडवू शकते.

एवढी सिद्धता झाली, तरी एक प्रतिस्पर्धी उरतोच. तो म्हणजे वारा. नेमबाज छपराखाली असतो, पण गोळीचा बहुतेक मार्ग उघड्यावरून जातो. गोळी लहान व हलकी असते, आणि सामान्यतः तिचा वेग ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी राखलेला असतो. ५० मीटर जाण्यास तिला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. तेवढ्यात वाऱ्याची एखादी झुळूक तिला काही मिलिमीटर बाजूला लोटते, आणि दहाचे वर्तुळ हुकण्यास तेवढे पुरेसे असते. म्हणून मैदानात १० व ३० मीटर अंतरांवर लहान निशाणे लावलेली असतात. नेमबाज त्यांच्याकडे पाहत राहतो. कधी तो चकतीचे पेच फिरवून नेम सरकवतो. कधी वारा पूर्वीसारखा होईपर्यंत वाट पाहतो. वाट पाहण्याचे धैर्य आणि घड्याळाचे भान ही दोन्ही त्याला एकाच वेळी राखावी लागतात.

या खेळाचे साधन शस्त्र आहे, ही गोष्ट मैदानावर कोणी क्षणभरही विसरत नाही. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेला असले पाहिजे, पंचांचा आदेश झाल्याखेरीज गोळी भरता येत नाही, आणि काम संपले की रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात एक भडक रंगाचे निशाण घालून ठेवावे लागते. नियम मोडणाऱ्याला, मग तो कितीही नामांकित असो, स्पर्धेबाहेर काढण्यात येते. ज्या खेळात आत्मसंयम हेच कौशल्य आहे, त्यात शिस्त ही पहिली पायरी असावी, हे योग्यच होय.

हे सर्व नियम व सारी कौशल्ये कशी पणाला लागतात, हे २०१२ साली लंडन येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धांत दिसून आले. वुलिच या भागात तोफखान्याची एक जुनी छावणी आहे. तिच्या आवारात नेमबाजीसाठी तात्पुरती मैदाने उभारली होती. ३ ऑगस्ट रोजी तेथे पुरुषांची ५० मीटर प्रोन स्पर्धा झाली. त्या काळच्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला ६० गोळ्या झाडावयाच्या होत्या आणि आरंभीच्या चाचणीच्या गोळ्या धरून त्यासाठी ७५ मिनिटे मिळत होती. पहिल्या आठ जणांची अंतिम फेरीसाठी निवड होई. अंतिम फेरीत आणखी दहा गोळ्या, प्रत्येकीला ४५ सेकंद, आणि हे गुण आधीच्या गुणांत मिळवले जात.

अंतिम फेरीतील गुण मोजण्याची रीत त्या काळी अधिक सूक्ष्म असे. तेथे दहाच्या वर्तुळाचेही दहा भाग पाडतात. म्हणून एका गोळीला १०.० पासून १०.९ पर्यंत गुण मिळू शकतात. गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर दूर गेला की एक दशांश गुण कमी होतो. हे अंतर डोळ्यांनी मोजता येणार नाही. गोळी फलकातून जाताना निघणाऱ्या ध्वनिलहरी टिपून यंत्र तिची जागा निश्चित करते आणि आकडा तत्काळ समोरच्या पडद्यावर उमटतो.

त्या दिवशी भारताचे दोन नेमबाज मैदानात उतरले होते. त्यांपैकी गगन नारंग याने चारच दिवसांपूर्वी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. प्रोन स्पर्धेत त्याने ६०० पैकी ५९३ गुण मिळवले. शाळेच्या परीक्षेत सहाशेपैकी पाचशे त्र्याण्णव गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची कोण वाहवा होईल! येथे मात्र त्या गुणांनी अठरावा क्रमांक आला. दुसरा नेमबाज बंगालचा जयदीप कर्माकर. त्याचे ५९५ गुण झाले. तेवढेच गुण मिळवणारे आणखी कितीतरी होते आणि अंतिम फेरीत जागा थोड्या होत्या. म्हणून त्या सर्वांना आणखी काही गोळ्या झाडून निकाल लावावा लागला. त्या कसोटीला जयदीप उतरला आणि त्याने अंतिम आठांत स्थान मिळवले.

या आठांत सर्वांच्या पुढे होता बेलारूसचा सेर्गेई मार्तिनोव. त्याचे वय ४४ वर्षांचे होते. २००० साली सिडनीला आणि २००४ साली अथेन्सला त्याने याच स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. २००८ साली बीजिंगला मात्र तो रिकाम्या हाताने परतला होता. लंडनला त्याने साठच्या साठ गोळ्या दहाच्या वर्तुळात बसवून ६०० पैकी ६०० गुण मिळवले. त्याच्या पाठोपाठ बेल्जियमचा लिओनेल कॉक्स ५९९ गुणांवर होता. ५९६ गुण मिळवणारा स्लोव्हेनियाचा राय्मोंद देबेवेत्स तर ४९ वर्षांचा होता आणि त्याची ही आठवी ऑलिंपिक स्पर्धा होती. १९८४ साली तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याचा देश युगोस्लाव्हिया या नावाने खेळत होता. ज्या वयात अन्य खेळांतील खेळाडू कधीच निवृत्त झालेले असतात, त्या वयात हे दोघे जगातील तरुण नेमबाजांना मागे टाकीत होते. कारण या खेळात ज्याची गरज असते ते स्थैर्य वयाबरोबर परिपक्व होते.

पूर्ण गुण मिळवून अंतिम फेरीत जाणे हे एक प्रकारचे ओझेच असते. मागून येणाऱ्याला मिळवायचे असते. पुढे असलेल्याला केवळ गमावण्याची भीती असते. मार्तिनोवने मात्र ते ओझे मनावर घेतले नाही. दहा गोळ्यांत त्याने १०५.५ गुण मिळवले, म्हणजे दर गोळीला सरासरी १०.५५. त्याची एकूण बेरीज ७०५.५ झाली. १९९६ साली अटलांटा येथे जर्मनीच्या ख्रिस्तियान क्लेस यानेही आधी ६०० आणि मग १०४.८, असे ७०४.८ गुण मिळवून विक्रम केला होता. सोळा वर्षांनी तो विक्रम मार्तिनोवने मागे टाकला आणि सुवर्णपदक मिळवले.

खरी चुरस होती ती त्याच्या मागे. अंतिम फेरीत कॉक्सचे १०२.२, देबेवेत्सचे १०५.० आणि जयदीपचे १०४.१ गुण झाले. आधीचे गुण मिळवल्यावर कॉक्सचे ७०१.२, देबेवेत्सचे ७०१.० आणि जयदीपचे ६९९.१ झाले. रौप्य व कांस्य या पदकांत अंतर पडले ते अवघ्या ०.२ गुणांचे. आणि जयदीप चौथा आला. कांस्यपदक त्याच्यापासून १.९ गुणांवर राहिले.

हा १.९ चा आकडा उलगडून पाहण्यासारखा आहे. त्यातील एक गुण सकाळच्या साठ गोळ्यांतील आहे : देबेवेत्सचे ५९६, जयदीपचे ५९५. म्हणजे साठांपैकी एकच गोळी एका वर्तुळाने बाहेर गेली, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले ०.९ गुण अंतिम फेरीतील दहा गोळ्यांचे. एक दशांश गुणाला ०.८ मिलिमीटर, या हिशोबाने ते अंतर ७.२ मिलिमीटर होते. दहा गोळ्यांत वाटले, तर दर गोळीमागे एक मिलिमीटरहूनही कमी! दुसरी गोष्ट अशी की, अंतिम फेरीत जयदीपची नेमबाजी रौप्यपदक मिळवणाऱ्या कॉक्सहून १.९ गुणांनी सरस होती. परंतु कॉक्सने सकाळी चार गुण अधिक जमवून ठेवले होते, आणि तीच शिदोरी त्याला उपयोगी पडली. म्हणजे पदक शेवटच्या गोळीने मिळते हे जितके खरे, तितकेच ते सकाळच्या सातव्या किंवा सत्ताविसाव्या, कोणाच्याही ध्यानात न राहिलेल्या गोळीने मिळते, हेही खरे आहे.

चौथ्या क्रमांकाला पदक नसते. विजयमंचावर तीनच जागा असतात आणि चौथा खेळाडू आपली रायफल पेटीत भरून खाली उतरतो. पण त्याची योग्यता त्यामुळे कमी होत नाही. जयदीपला त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. पुढे त्याने प्रशिक्षकाचे काम पत्करले आणि मेहुली घोष हिच्यासारख्या तरुण नेमबाजांना आपली विद्या दिली.

प्रोन नेमबाजीत भारताला जगातील पहिला क्रमांक त्याआधीच मिळाला होता, आणि तो मिळवून दिला होता कोल्हापूरच्या एका तरुणीने. तेजस्विनी सावंत हिने कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली नेमबाजीचे धडे घेतले. ऑगस्ट २०१० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत महिलांच्या ५० मीटर प्रोन प्रकारात तिने ६०० पैकी ५९७ गुण मिळवून त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली व सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला होय. परंतु ज्या प्रकारात ती जगात पहिली आली, तो महिलांचा प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच! त्यामुळे त्या विद्येच्या बळावर तिला ऑलिंपिकचे दार उघडता येईना. तिने हार मानली नाही. गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून अशा तिन्ही पद्धतींच्या एकत्र स्पर्धेचा तिने अभ्यास चालू ठेवला आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, भारतातर्फे भाग घेतला. तेथे तिला पदक मिळाले नाही. पण अकरा वर्षांची ती वाटचाल कोणत्याही पदकाइतकीच मोलाची आहे.

पुरुषांची स्वतंत्र प्रोन स्पर्धाही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. पुरुष व महिला यांच्या स्पर्धांची संख्या समान व्हावी, म्हणून हा बदल करण्यात आला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो प्रकार पुढेही चालू राहिला. ऑलिंपिकमध्ये तीन पद्धतींच्या एकत्र स्पर्धेचा भाग म्हणून तो टिकून राहिला. याच एकत्र स्पर्धेत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावच्या स्वप्निल कुसाळे याने ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. राधानगरी तालुक्यातील एका लहान गावातून निघालेला मुलगा जगातील पहिल्या तिघांत जाऊन बसला, याचा आनंद साऱ्या महाराष्ट्राने साजरा केला.

या खेळात प्रेक्षकांना नेत्रदीपक असे फारसे काही दिसत नाही. एका रांगेत पालथी पडलेली माणसे, अधूनमधून होणारा बारीक आवाज आणि पडद्यावर बदलणारे आकडे, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. खरा संग्राम प्रत्येकाच्या अंतरंगात चाललेला असतो. आधीची गोळी नऊच्या वर्तुळात गेली, तर तिचा खेद मनात ठेवता येत नाही. दहाच्या वर्तुळात गेली, तर तिचा हर्षही मनात ठेवता येत नाही. दोहोंमुळे हृदयाचे ठोके वाढतात, आणि वाढलेला प्रत्येक ठोका रायफलीला कळतो. म्हणून नेमबाज पुन्हा श्वास सोडतो, पुन्हा कडीत ठिपका पाहतो आणि चापावर बोट ठेवतो, जणू ती त्याची पहिलीच गोळी आहे. साठ वेळा असा नवा आरंभ ज्याला करता येतो, त्याच्याच गोळ्या त्या बटणाएवढ्या वर्तुळात जाऊन बसतात.